कावळा-फांदी

नाना खोटं बोलणाऱ्याला एक वेळ माफ करत, पण चुकीचं अनुमान काढणाऱ्याला नाही. "खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं हो," ते म्हणायचे, "ह्याला तेही ठाऊक नसतं, आणि वर आवाज चढवून बोलतो."

पिंप्राळ्याला रेल्वे फाटकाच्या पलीकडे त्यांचं घर होतं. पुढे शहाबादी फरशीचा ओटा, मागे अंगण, अंगणात एक दांडगा कडुनिंब. त्या काळी पिंप्राळा म्हणजे जळगाव नव्हेच, एक खेडं. आमच्या ह्यांची एस.टी.त धुळ्याहून जळगावला बदली झाली आणि मला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली, म्हणून आम्ही नानांच्या मागच्या दोन खोल्या बघायला गेलो. आमचे हे माणूस म्हणून अगदी गरीब, त्यात घरमालकासमोर उभे. म्हणाले, "आम्ही शाकाहारी आहोत. तुम्हाला आमचा काही त्रास व्हायचा नाही."

नाना ओट्यावर बसलेले होते. त्यांनी डाव्या हाताची बोटं दुमडून फरशीवर दोनदा आपटली. टक टक.

"बकरी पण शाकाहारीच असते," ते म्हणाले. "आमच्या मोगऱ्याची दशा बघा जरा."

हे गोरेमोरे झाले आणि मला फस्सकन हसू आलं. खोल्या मिळाल्या. पुढे पुष्कळ दिवसांनी मी एकदा सहज म्हणाले, नाना, मी हसले म्हणून तुम्ही आम्हाला ठेवून घेतलंत. लगेच टक टक. "तुम्ही हसलात आणि खोल्या मिळाल्या. कावळा बसला आणि फांदी तुटली. अहो बाई, रिकाम्या खोल्यांत उंदीर झाले होते, म्हणून दिल्या."

ही टकटक म्हणजे नाना. कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायचे. त्या विषयाला मुलं येऊन येऊन येणार किती? बाकं भरपूर आणि डोकी तुरळक. मग उरलेली सगळी विद्या संध्याकाळी ओट्यावर सांडायची. कुणी वाकडा मुद्दा केला की बोटं फरशीवर. फरशी नसली तर खुर्चीवर, छत्रीच्या मुठीवर, एस.टी.च्या खिडकीवर. पुस्तकातली नावं सांगून लोकांना कळत नाहीत म्हणून प्रत्येक चुकीला त्यांनी आपलं घरगुती नाव ठेवलं होतं. एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं कुणी म्हटलं, की ती कावळा-फांदी. स्वतःवरचा आळ झटकायला दुसऱ्याकडे बोट दाखवलं की ती शेजाऱ्याची म्हैस. आणि पूर्वजांच्या पुण्याईवर मत मागायला कुणी आलं, की ते आजोबांचं धोतर.

ओट्यावर रोजचे दोघे. एक समोरचे किराणावाले शेठ आणि दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर. दोघे दोन पक्षांचे, आणि पक्षासाठी जीव टाकणारे. शेठ मारवाडी, पण दोन पिढ्या इथल्याच. ते म्हणायचे, "देखो नाना, आमचा माणूस निवडून आला की नाही आला? आणि लगेच पाऊस झाला की नाही झाला?"

टक टक. "मग गेल्या साली पडला नाही, तेव्हा तुमचा माणूस काय सासुरवाडीला गेला होता?"

कंपाउंडर मांडीवर थाप मारून हसायचा. पण त्याचं हसू ओसरायच्या आत त्याची पाळी यायची. शेठनी विचारलं की तुमच्या लोकांनी नगरपालिकेत काय दिवे लावले, तर हा म्हणणार, तुमच्या वेळी काय होतं ते आधी सांगा. टक टक. "तुमच्या म्हशीनं पीक खाल्लं का, एवढंच विचारलंय. खाल्लं की नाही? शेजाऱ्याच्या म्हशीचं मग बघू."

गंमत म्हणजे दोघांनाही नाना आपल्या बाजूचे वाटायचे आणि दोघांनाही ते फितूर वाटायचे, एकाच संध्याकाळी. मी एकदा विचारलं, "नाना, तुम्ही आहात तरी कुठल्या पक्षाचे?"

"बोलणारा कुठल्या पक्षाचा ते मला ऐकूच येत नाही बाई. मला नुसतं बोलणं ऐकू येतं."

"मग मत कुणाला देता?"

"देतो कुणाला तरी. कारण सांगत नाही. सांगितलं तर मलाच टकटक करावी लागेल."

वादविवाद स्पर्धांना मात्र त्यांना फार मागणी. जिल्ह्यात कुठेही स्पर्धा असली की परीक्षक नाना. शेवटी उठून ते प्रत्येक वक्त्याच्या मुद्द्यांचा समाचार घेत, आणि मुलं बक्षिसापेक्षा त्या समारोपाला घाबरत. धुळ्याला माझ्या माहेरच्या शाळेत स्पर्धा होती तेव्हा मीही गेले होते. एक मुलगी विरोधी बाजूनं बोलायला उठली. तिच्या आधीचा मुलगा अनुकूल बाजूनं बोलून बसला होता. ही उभी राहिली आणि म्हणाली, "मला ह्यांचं म्हणणं पटलं." आणि बसली खाली! सभागृहात हशा. तिच्या बाई कपाळाला हात लावून बसल्या. नानांनी पहिलं बक्षीस तिलाच दिलं. "एवढ्या सगळ्यांत ऐकलं फक्त हिनं," असं म्हणाले. दुसरा आलेला मुलगा गावातल्या एका बड्या पुढाऱ्याचा भाचा निघाला. त्यानंतर धुळ्याहून नानांना बोलावणं आलं नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. मलाच राग आला होता, आमच्या गावाचा.

आता बेबीचं सांगते.

बेबी त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली, नानांनीच वाढवली. ती भाकरी थापता थापता बापाशी वाद घालायची, आणि परातीवर बोटं आपटून बापाला टकटक करायची. मला वहिनी म्हणायची. आम्ही राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षीच तिचं लग्न झालं होतं. चोपड्याकडचं गाव, केळीच्या बागा, खटल्याचं घर, जावई शिकलेला आणि हौशी. म्हणजे मला बेबी भेटायची ती आखाजीला, अक्षय्य तृतीयेला.

खानदेशात आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कसं सांगू? दिवाळी एक वेळ सासरी निघेल, पण आखाजीला लेक माहेरीच हवी. झाडाला झोके, खापरावरचे मांडे, आमरस, गौराईची गाणी. तिला आणायला मुऱ्हाळी जायचा, म्हणजे भाऊ नाहीतर घरचं कुणीतरी. बेबीला भाऊ नाही, म्हणून नाना स्वतःच मुऱ्हाळी. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बाजारातून नवा दोर आणायचा, स्वतः कडुनिंबावर चढून झोका बांधायचा, ओढून बघायचा, आणि मगच चोपड्याची एस.टी. धरायची. बेबी आली की चपला काढायच्या आधी मागच्या अंगणात. पदर खोचून असा उंच झोका घ्यायची की मी खालून ओरडायची, अगं पुरे! बायकांची गाणी चालायची आणि नाना ओट्यावर डोळे मिटून ऐकत बसायचे.

"नाना, ह्या गाण्यांत तर काहीच कशाला लागून नाही," मी चिडवायची. "टकटक नाही का?"

"गाणं कुणाकडे मत मागत नाही," ते म्हणायचे. "मागायला लागलं की बघू."

आणि मग जावईबापूंना निवडणुकीची अवदसा आठवली. पंचायत समितीला उभे राहिले. गावच्या सोसायटीचे ते चेअरमन होते, घराणं नावाजलेलं, तिकीटही मिळालं. प्रचाराची मोठी सभा ठरली, आणि व्याह्यांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, नानांना अध्यक्ष केलं. प्रोफेसर व्याही, जळगावचे, चार माणसांत वजन पडणार.

आपल्याकडे सभेचा अध्यक्ष म्हणजे काय असतो? हार, नारळ, मधली खुर्ची. सगळे बोलून झाले की उठायचं, वेळ फार झाला आहे म्हणायचं, आपल्या उमेदवाराला प्रचंड मतांनी निवडून द्या म्हणायचं आणि खाली बसायचं. शेंबड्या पोराला कळतं. पण नानांनी आयुष्यात समारोप केला होता तो फक्त वादविवाद स्पर्धांचा.

बेबीला धाकधूक होती. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि सभेच्या आधी ओसरीत नानांचा हात धरून म्हणाली, "नाना, फक्त आशीर्वाद द्या हं. दुसरं काही नको."

"अगं, अध्यक्षाचं काम समारोपाचं," नाना म्हणाले.

"समारोप म्हणजे आशीर्वादच इथं."

"बरं बरं," ते म्हणाले. त्यांच्या 'बरं बरं'चा अर्थ मला कळायचा. ऐकलं, पण पटलं नाही.

सोसायटीच्या गोदामासमोर सभा. माणसं ही गर्दी. एका बाजूला आम्ही बायका, बेबीच्या डोक्यावर पदर, कडेवर धाकटं, मोठा पायाशी. जावईबापू छान बोलले, आवाज दणदणीत. आजोबा स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले होते, हे सांगितलं. मग म्हणाले, "मी सोसायटीचा चेअरमन झालो त्याच साली केळीला भाव कसा मिळाला? आठवा! तुम्हीच आठवा!" टाळ्या पडल्या. मी खुर्चीकडे बघितलं. नानांची बोटं खुर्चीच्या दांडीवर दोनदा आपटली.

शेवटी अध्यक्ष उठले. सुरुवात मोठी झकास केली. "विरोधक म्हणतात, उमेदवार तरुण आहे म्हणून कच्चा आहे. हे चूक. तरुण म्हणजे कच्चा हे केळीच्या घडाला लागू, माणसाला नाही." काय टाळ्या! आबांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, सुटलो. पण छे! एका बाजूचा समाचार घेऊन खाली बसले तर ते परीक्षक कसले?

"आता आमचे जावईबापू," ते म्हणाले. "आजोबा तुरुंगात गेले ही आजोबांची थोरवी. त्यांचं धोतर नातवाला येतंच असं नाही. दुसरं, केळीचा भाव. त्या साली वादळानं दुसरीकडच्या बागा आडव्या झाल्या आणि आपल्या उभ्या राहिल्या, म्हणून भाव आला. हे चेअरमन झाले म्हणून नाही. कावळा बसला आणि फांदी तुटली. आता कावळा म्हणतो, मला निवडून द्या, आणखी फांद्या पाडतो."

अरे देवा! माणसं हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडली. शिट्ट्या काय, फेटे काय. नाना हात वर करून सगळ्यांना गप्प करत होते, कारण त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं. "ह्यावरून जावईबापू वाईट उमेदवार आहेत असं सिद्ध होत नाही. ते उत्तमही असतील. फक्त त्यांनी दिलेल्या कारणांवरून ते ठरत नाही, एवढंच." हे कुणी ऐकलं? मी ऐकलं आणि बेबीनं ऐकलं. बेबी खाली मातीकडे बघत होती.

परतीच्या एस.टी.त नाना इतके खुशीत होते की मला त्यांच्यावर ओरडवेना. "लोकांनी कारणं ऐकली बाई," ते म्हणत होते. "राजकारणाच्या सभेत लोक कारणं ऐकतात. मला वाटलं नव्हतं." लोकांनी कारणं नव्हती ऐकली हो. लोकांनी कावळा ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून जावईबापू गावातून निघाले की बोळाबोळातून काव काव सुरू झालं.

जावईबापू पडले.

का पडले ते तालुक्याला माहीत होतं. त्यांचा सख्खा चुलतभाऊ तिकीट मिळालं नाही म्हणून रुसून अपक्ष उभा राहिला आणि घराण्याची मतं फुटली. नानांनी तर सगळं चौकशी करून काढलं. सभा झाली त्या गावात जावईबापूंना मतं चांगली पडली होती. मार बसला तो चुलतभावाचं वजन होतं तिकडे, आणि तिकडच्यांनी नानांची सभा ऐकलेलीच नव्हती. एवढं सरळ. पण चुलतभावाला दोष द्यायचा कसा? विहीर एक, बांध एक, उद्या लग्नाकार्यात पंगतही एक. व्याह्याला दोष द्यायला काय जातं? तो राहतो जळगावला. घरात बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं, नाना बोलले म्हणून पोरगा पडला. काव काव आधी, हार मग. म्हणजे झालंच सिद्ध!

जी चूक नानांनी जन्मभर वेचून वेचून काढली, तीच त्यांच्या लेकीच्या उंबऱ्यावर आडवी येऊन बसली. पुढची आखाजी जवळ आली तसा निरोप आला, मुऱ्हाळी येऊ नये, सून पाठवणार नाही.

बेबीनं निघून यायचं म्हणाल तर कशी येणार? दोन लेकरं. ती ठेवून जा, मग परत येऊच नको, असं सासूनं स्वच्छ सांगितलेलं. आजच्या पोरी म्हणतील, यायचं की सरळ. म्हणणं सोपं असतं.

तरी नानांनी दोर आणला, झोका बांधला, आणि मला म्हणाले, "बाई, चला माझ्याबरोबर. आत बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं." एस.टी. तापीवरून जाईस्तोवर ते मला आपले मुद्दे ऐकवत होते. कुठल्या गावात काय झालं, चुलतभाऊ, सगळं एकाखाली एक. कुठे फट नव्हती. मी म्हणाले, "नाना, ह्याच्यापुढे कोण काय बोलणार?" मला खरंच तसं वाटलं होतं.

ओसरीवर आबा बसले होते, सोबत भाऊबंद. तो चुलतभाऊसुद्धा होता, पान लावत. जावईबापू खांबाला टेकून, खाली मान. बेबीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तिचं मनगट असं वाळलेलं की बांगड्या कोपरापर्यंत जातील. नानांनी ते बघितलं. मी त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांचे मुद्दे तिथेच गळाले असावेत.

आबा तसे तोंडानं वाईट नव्हते. म्हणाले, "नाना, आमले भांडण करनं नही शे. तुमनामुळे मना पोऱ्या पडना, इतलं कबूल करा. बस."

इतकंच कबूल करायचं. तुमच्यामुळे माझा मुलगा पडला.

मला आतून बोलावणं आलं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. बेबीनं मला दाराआड ओढलं. "वहिनी, धावत जा. नानांना सांगा, कबूल करू नका. काही झालं तरी करू नका."

"अगं, पण कबूल केलं तर पाठवतील ना तुला?"

"नाही हो! आज नुसतं ह्यांचं म्हणणं आहे. नानांनी हो म्हटलं की पुरावा होईल. मग कोण पाठवेल मला?"

खरं सांगते, तोवर मला ते सुचलंच नव्हतं. बेबी शेवटी कुणाची लेक! मी तशीच वळले आणि उंबऱ्यावर आले, तर नाना हात जोडून उभे होते.

"हो," ते म्हणत होते. "माझ्यामुळेच पडले जावईबापू. मी बोललो म्हणून पडले. माझी चूक झाली. लेकीला चार दिवस पाठवा."

चुलतभावाचा पान लावणारा हात थांबला होता. त्याला तर पक्कं ठाऊक होतं ना! पण त्यानं पुन्हा पानाला चुना लावायला घेतला. आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"बठ्ठासनी ऐकं ना?" ते म्हणाले. "नाना सोता म्हणस. आते सांगा, ज्या माणूसनी मना पोऱ्याले पाडं, त्याना घर मी सून कशी धाडू?"

स्वतःच म्हणतात, सगळ्यांनी ऐकलं. मुलाला पाडणाऱ्याच्या घरी सून कशी पाठवू. मला असा संताप आला! मी बोलायला तोंड उघडलं, तर एका म्हाताऱ्यानं, बाई तुम्ही कोण, म्हणून मला गप्प केलं. मी कोण? भाडेकरीण.

बेबी माझ्या मागे येऊन उभी होती. पदराआडून ती हळूच म्हणाली, "नाना, टकटक का नाही केलीत?"

नानांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. दोन्ही हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी सोडवले आणि आम्ही निघालो. परतीची एस.टी. धरली. खिडकीची काच खडखडत होती, आणि दर वेळी मला वाटायचं, नानांनीच बोटं आपटली.

बेबी त्या आखाजीला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

ओटा मात्र रोज भरत होता. शेठ आणि कंपाउंडर यायचे, वाटेल ते बोलायचे आणि सवयीनं फरशीकडे बघायचे. काही नाही. पुढे आणीबाणी आली, तेव्हा शेठ म्हणाले, "देखो, गाड्या टायमावर येतात. म्हणजे सगळं चांगलंच चाललंय की नाही?" एरवी अशा वाक्यावर नानांनी फरशी फोडली असती. कंपाउंडर सुद्धा आशेनं बघत राहिला. नानांनी पेपराची घडी केली आणि म्हणाले, "असेल."

असेल! मला रडू आलं. भिंतीला कान असलेल्या त्या दिवसांत गल्लीतली माणसं म्हणायला लागली, प्रोफेसर घाबरले. डोंबल घाबरले! आणीबाणी लागायच्या कितीतरी आधी ते गप्प झाले होते. पण लोकांना काय, आणीबाणी आली आणि नाना गप्प दिसले, झालं. मी कुणाकुणाला समजावणार? नाना असते तर, असं माझ्या मनात यायचं, आणि नाना तर तिथेच ओट्यावर बसलेले असायचे.

झोका मात्र ते दर वर्षी बांधायचे.

शेवटची आखाजी मला आठवते ती आमची बदली परत धुळ्याला झाली त्या उन्हाळ्यातली. केळीच्या ट्रकबरोबर निरोप आला होता, माझ्याच हाती, बेबीचाच. ह्याही वर्षी पाठवत नाहीत, नानांना तुम्ही सांगा वहिनी, मला नाही सांगवत. तो निरोप घेऊन मी मागच्या अंगणात गेले. नाना कडुनिंबाखाली शिडीवर होते. आता चढवत नव्हतं त्यांना, म्हणून शिडी. नवा दोर फांदीवरून घेतला, गाठ मारली, दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग सावकाश उतरले आणि घाम पुसत झोक्याकडे बघत उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"नाना," मी म्हणाले, "बेबी..."

"येईल ना," ते म्हणाले. "झोका बांधला की ती येते. झोका बांधला आणि ती आली नाही, असं पूर्वी कधी झालंय का? बांधलाय आज. म्हणजे येईलच."

अहो, झोक्यामुळे येत नव्हती ती. झोका बांधून तुम्ही एस.टी. धरायचा, मुऱ्हाळी होऊन आणायला जायचा, म्हणून यायची. शाळेतली पोर सांगेल. आणि बांधूनही आली नाही, अशी वर्षं तर तुमच्या डोळ्यांसमोर गेली. कावळा आणि फांदी, नाना, तुमचीच कावळा-फांदी!

ह्यातलं मी काही बोलले नाही. माझी बोटं दुमडून शिडीच्या लाकडावर गेली होती. मी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला आणि म्हणाले,

"हो नाना. येईलच."